एक नंबरची देवी

राघवेंद्ररावांच्या घरात दोन लोखंडी ट्रंका भरून देव होते आणि भिंतीवर एकसुद्धा नव्हता. मुरुम गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या उघड्या भिंतींकडं बघत प्रेमलाबाईंना साळसूदपणे विचारायच्या, "वहिनी, घर नुकतंच रंगवलं वाटतं?" बिचाऱ्या प्रेमलाबाई दरवर्षी हो म्हणायच्या.

राघवेंद्रराव शाळेच्या दफ्तरात कारकून. निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकले आणि उर्दूतच नोकरीला चिकटले. मग पोलिस ॲक्शन झाली, राज्य गेलं, दफ्तर मराठी झालं. जिल्हा हैदराबादेतून उठून मुंबई राज्यात गेला आणि तिथून महाराष्ट्रात. दारावरची पाटी बदलली, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, साहेब लोकांच्या टोप्या बदलल्या. राघवेंद्ररावांची खुर्ची आणि तिच्यातले ढेकूण तेवढे कायम राहिले. अशा धामधुमीत माणसाला काहीतरी धरून ठेवावंसं वाटतं. कुणी जमीन धरली, कुणी पुढारी धरला. राघवेंद्ररावांनी कॅलेंडरं धरली.

बिडीवाल्याचं, बियाणंवाल्याचं, सोलापूरच्या कापडवाल्याचं, जे मिळेल ते. लक्ष्मी, राम, दत्त, गणपती, सगळ्यांची सुरळी करून, वर कडुलिंबाचा पाला टाकून ट्रंकेत झोपवायचं. लोक तारखांचा भाग कापून वरचा देव काचेत घालतात म्हटलं की यांच्या अंगावर काटा यायचा. "तारीख कापली की चित्र खलास!" असं ते इतक्या तावातावानं म्हणायचे, की समोरच्याला आपणच कुणाचा तरी गळा कापल्यासारखं वाटावं. भिंतीवर लावणं तर बिलकुल मना. उन्हानं रंग उडतो, खिळ्यानं भोक पडतं, दिव्याची काजळी बसते आणि बायका कुंकू लावतात. हा चौथा गुन्हा त्यांच्या लेखी सगळ्यांत भयंकर होता.

"अहो, एक तरी देवी लावा की," प्रेमलाबाई म्हणायच्या. "सवाष्णीच्या घरात भवानीचा फोटो नाही. लोक काय म्हणत असतील?"

"ट्रंकेत सतरा भवान्या आहेत."

"ट्रंकेला काय कुंकू लावू?"

यावर राघवेंद्रराव "अडाणी आहेस" एवढंच म्हणायचे आणि किल्ली जानव्याला परत बांधायचे.

तर अशा माणसाच्या आयुष्यात आण्णासाहेबांची देवी आली.

आण्णासाहेब हे मुरुमचे किराणा आणि सरकी-पेंडीचे मोठे दुकानदार. त्यांच्या व्याह्यांचा सोलापुरात चादरी छापायचा कारखाना होता. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या पाडव्याला व्याह्यांच्या डोक्यात आलं, चादरीवर मोर उठतो तर कागदावर देवी का उठू नये? लाकडी चौकटीला ताणून बसवलेली जाळी, तिच्यावर रंग ओतायचा, रबरानं ओढायचा, की खाली नक्षी उमटते. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. चादरीला जे रंग उरले होते तेच देवीला गेले. तोंड गुलाबी, सिंह पोपटी, आभाळ जांभळं, लुगडं असं केशरी की बघणाऱ्यानं आधी डोळे मिटावेत आणि मग हात जोडावेत. एखाद्या कागदावर रंग जरा सरकला आणि देवीचे ओठ हनुवटीला टेकले. पण लोकांना देवी भारी आवडली. असली झगझगीत भवानी कुणी बघितली नव्हती. तुळजापूरच्या दुकानांतसुद्धा नव्हती.

प्रती मोजक्याच निघाल्या. कारखान्यातल्या माणसांनी परस्पर पळवू नयेत म्हणून व्याह्यांनी प्रत्येकीच्या कोपऱ्यात नंबर घातला. बस्स. एवढ्याशा नंबरानं मुरुम येडं झालं.

पाडव्याच्या दिवशी आण्णासाहेबांनी गिऱ्हाइकांना देव्या वाटल्या आणि संध्याकाळपर्यंत गावात नवीनच उतरंड लागली. कुणाला कितवी मिळाली, यावर कोण किती मोठा ते ठरायला लागलं. ज्याला चौदावी मिळाली तो ज्याला एकोणिसावी मिळाली त्याच्या ओट्यावर बसेना. लहान नंबरची देवी जास्त जागृत, मोठ्या नंबरची जरा आळशी, असा शोधही लागला. एका सासऱ्यानं तर जावयाला बाविसावी दिली म्हणून जावई जेवणावरून उठला. राघवेंद्ररावांना मिळाली दोन नंबरची.

पहिले दोन दिवस ते हवेत होते. तिसऱ्या दिवशी तात्या आले. तात्या म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. त्यांना स्वतःला नववी मिळाली होती, आणि तेही गुपचूप चित्रं जमवायचे.

"दोन नंबरची म्हणे? वा, वा," तात्या सुपारी कातरत म्हणाले. "चांगलंय. पण काय आहे राघवेंद्रराव, एक ती एक. बाकी आपण सगळे मागचेच. तुम्ही जरा पुढचे मागचे."

झालं. राघवेंद्ररावांचा घास कडू झाला. सुरळी उघडावी तर त्यांना देवी दिसेना, कोपऱ्यातला तो दोनाचा आकडा तेवढा दिसायचा.

एक नंबरची कुणाकडं गेली याचा तपास लागायला वेळ लागला नाही, कारण आण्णासाहेब स्वतःच कपाळावर हात मारून सांगत होते. पाडव्याला सकाळी दुकान उघडलं आणि भवानीचं, म्हणजे बोहनीचं, पहिलं गिऱ्हाईक म्हणून माळावरची गजराबाई धनगरीण मेंढरांसाठी पेंड न्यायला आली. पहिल्या गिऱ्हाइकाला कसं नाराज करायचं? गठ्ठ्यातली वरची देवी त्यांनी तिच्या हातावर ठेवली. ती होती पहिली. आता परत कशी मागायची?

"मी मागतो," राघवेंद्रराव म्हणाले.

गावाबाहेरच्या माळावर गजराबाईचं खोपट होतं. लेक आणि सून मेंढरांमागं, म्हातारी घरी. राघवेंद्रराव वाकून आत शिरले आणि जागच्या जागी थिजले. एक नंबरची देवी मातीच्या भिंतीवर बाभळीच्या काट्यांनी टोचलेली! काटे! वर दोन, खाली दोन. आणि कपाळावर कुंकवाचा हा एवढा टिळा. त्यांना भोवळच यायची राहिली.

"बसा मालक," गजराबाई म्हणाली. "देवीला आलात व्हय? बरं केलंत. लई गुणाची हाय. आल्यापासनं एक कोकरू दगावलं न्हाय."

राघवेंद्ररावांनी घसा साफ केला. "गजराबाई, ही मला द्या. हिच्या बदल्यात दुसरी मोठी देतो. काचेची, सोनेरी चौकटीची."

"का? हिला काय झालंय?"

"झालं काही नाही. पण तुम्हाला काय, देवी ती देवी."

"व्हय की," गजराबाई म्हणाली. "मंग तुमालाबी देवी ती देवी. काचेची तुमीच ठेवा."

या उत्तरावर काय बोलावं हे उर्दूतही सुचेना आणि मराठीतही. ते परत आले. पण गप्प बसणारे नव्हते. कधी गुळाची ढेप घेऊन, कधी म्हातारीच्या खोकल्याचं औषध घेऊन ते माळावर जायला लागले. आपल्या आईच्या आजारपणात त्यांनी एवढ्या खेपा घातल्या नव्हत्या. गजराबाई गूळ घ्यायची, औषध घ्यायची, चहा पाजायची आणि देवीचं नाव काढलं की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या की मालक. का जीव काढता?"

दिवाळी झाली आणि नशीब फळफळलं. धनगर मेंढरांचा वाडा घेऊन दूरच्या चारणीला निघाले, ते मृगाच्या आधीच परतणार. या वर्षी सून दिवसांत होती, म्हणून गजराबाईलाही मागं जाणं भाग होतं. निघायच्या दिवशी म्हातारी स्वतः राघवेंद्ररावांच्या दारात उभी राहिली. हातात जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली देवी.

"रानोमाळ हिचे हाल होतील," ती म्हणाली. "सुनंपाठी धावू का हिला सांभाळू? तुमचा जीव हाय हिच्यावर. म्या बघितलंय की. येईस्तवर ठेवा. दिवा दावा, मंगळवारी कुंकू लावा. लावाल न्हवं?"

"लावू, लावू!" राघवेंद्रराव म्हणाले. आवाज कापत होता. गजराबाईला वाटलं, भक्तीनं कापतोय.

म्हातारी वळली न वळली तोच त्यांनी हिशोब मांडला. बाईला आकडे येत नाहीत. परत आली की दोन नंबरची हातावर ठेवायची आणि पहिली आपल्या ट्रंकेत. चोरी कसली यात? देवी ती देवी, असं तीच म्हणाली होती. माणसाला स्वतःच्या सोयीचं वाक्य बरोबर लक्षात राहतं.

काट्यांच्या भोकांना इलाज नव्हता, पण कपाळावरचं कुंकू निघालं असतं तर चित्र कोरं झालं असतं. एका दुपारी प्रेमलाबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. राघवेंद्ररावांनी दार लावलं, वाटीत पाणी घेतलं, कापसाचा बोळा भिजवला आणि शाळेच्या दाखल्यावरचा डाग काढावा तसा अलगद देवीच्या कपाळावरून फिरवला. कुंकू निघालं. थोडं राहिलं म्हणून आणखी फिरवला. कुंकवाबरोबर भुवई निघाली. घाबरून त्यांनी ती सावरायला बोळा खाली ओढला, तर डोळा आला. चादरीचा रंग उकळल्यावर पक्का होतो म्हणतात; कागद कोण उकळणार? बघता बघता डोळे, नाक, नथ, ओठ, सगळ्याचा एक गुलाबी चिखल झाला आणि तोही त्यांनी टिपून काढला. कपाळापासून गळ्यापर्यंत पांढरा कागद उरला. खाली आठ हात, पोपटी सिंह, सगळं जिथल्या तिथं.

राघवेंद्ररावांनी घाईघाईनं कोपरा बघितला. तोंड गेलं होतं, पण नंबर शाबूत होता. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं.

आणि गंमत बघा, त्यांचं चुकलंही नाही! आठवड्याभरानं तात्या आणि आण्णासाहेब एक नंबरची बघायला आले. राघवेंद्ररावांनी सुरळी आणली, दोन बोटांनी फक्त कोपरा उलगडला आणि "हवा लागली की रंग बिघडतो" असं म्हणून तेवढाच दाखवला. एकाचा आकडा! तात्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आकड्याला जवळजवळ नाक लावलं आणि सुस्कारा सोडला. "जिंकलात राघवेंद्रराव," ते पडेल आवाजात म्हणाले. आण्णासाहेबांनी तर खांद्यावर थाप मारली. देवीचं तोंड दाखवा असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

राहता राहिली गजराबाई. तिला दोन नंबरची द्यायची तर ती कोरी करकरीत देऊन कसं चालेल? म्हातारीला आकडा कळत नसला तरी कुंकू कळतं. तेव्हा दोन नंबरची मुरवायला हवी. राघवेंद्ररावांनी काळजावर दगड ठेवून स्वतःच्या हातानं भिंतीत खिळा ठोकला आणि देवी लावली. त्या खिळ्याच्या प्रत्येक ठोक्याला त्यांचे डोळे मिटत होते.

प्रेमलाबाई स्वयंपाकघरातून आल्या त्या दारातच थांबल्या. "हे काय?" एवढंच बोलल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"लाव कुंकू," राघवेंद्रराव म्हणाले. "भरपूर लाव. दिवाही लाव. अगदी जवळ लाव."

खरं कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि एवढ्या वर्षांनी घरात भवानी आली तेव्हा त्या बाईनं कारण विचारलंही नाही.

मग प्रेमलाबाईंनी हौस फिटेपर्यंत पूजा केली. मंगळवारी मळवट, शुक्रवारी हळद, नवरात्र नसताना माळा. बायका यायला लागल्या. प्रत्येकीचं बोट कागदाला लागत होतं आणि राघवेंद्रराव खुर्चीतून बघत मनाशी म्हणत होते, छान मुरतेय. त्यात त्यांची मुलगी गुलबर्ग्याला बाळंतपणाला अडली. तार आली. राघवेंद्रराव बसस्टँडवर धावले आणि प्रेमलाबाई भिंतीपुढं बसल्या. "आई, माझी लेक तुझ्या ओटीत घातली," असं म्हणत पाण्याचा थेंब न घेता बसल्या. मुलगी सुटली. मुलगा झाला. गुलबर्ग्याहून परत आल्यावर राघवेंद्ररावांनी आधी देवीच्या पदरावरची काजळी पाहिली आणि मग बायकोला बातमी सांगितली. आता कुणीही फसेल, अशी झाली होती देवी.

मृगाला थोडे दिवस असताना गजराबाई आली. दारातूनच ओरडली, "बाईसाहेब, मला नातू झाला! माझी देवी द्या, तिला सांगायचंय."

"आमच्याकडंही नातूच!" प्रेमलाबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. राघवेंद्रराव लगबगीनं उठले, भिंतीवरून देवी काढली आणि हसतमुखानं पुढं केली. "ही घ्या तुमची. बघा, कशी पुजलीय!"

"अहो, हे काय करताय?" प्रेमलाबाईंचा आवाज एकदम चढला. "ही कुठली त्यांची? ही आपली."

"अगं, त्यांचीच."

"त्यांची एक नंबरची. तुम्हीच तर दहादा सांगितलंत मला. ती ट्रंकेत आहे."

राघवेंद्ररावांनी डोळ्यांनी खूण केली. मग खाकरले. मग पुन्हा खूण केली. प्रेमलाबाईंनी ती बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदा मानली नाही. पुढं होऊन त्यांनी त्यांच्या हातातून देवी काढून घेतली आणि छातीशी धरली.

"ही मी देणार नाही. हिच्यापुढं मी माझी लेक मागितली. ज्याची त्याला द्या. किल्ली आणा."

"प्रेमला, आत जा."

"किल्ली आणा म्हणते ना!"

परक्या बाईसमोर राघवेंद्ररावांनी जानव्याची गाठ सोडली आणि किल्ली पुढं केली. प्रेमलाबाईंनी ट्रंक उघडली, कडुलिंबाचा पाला झटकून वरची सुरळी उचलली आणि गजराबाईपुढं उलगडली. तिचं तोंड त्यांनीही तेव्हाच पाहिलं. "अगंबाई!" म्हणून त्या मटकन खाली बसल्या.

गजराबाई वाकून बघत राहिली. तिनं त्या पांढऱ्या जागेवरून हात फिरवला.

"तोंड कुठं गेलं हिचं?"

राघवेंद्रराव पुटपुटले, "डाग होता. काढायला गेलो."

"कसला डाग?"

"कुंकवाचा."

"त्यो डाग न्हवता मालक," गजराबाई म्हणाली. "त्यो माझा अंगठा होता. सून अडू नगं म्हणून निघताना लावलेला." तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि रागही. "तुमच्या लेकीचं कपाळ आसं घासलं असतं का तुमी?"

प्रेमलाबाई उठल्या. छातीशी धरलेली देवी त्यांनी पुढं केली. "गजराबाई, ही न्या. आमच्याकडून पाप झालं. ही तुम्ही न्या."

म्हातारीनं ती परत त्यांच्याच छातीशी लोटली. "न्हाय बाई. तुमी हिच्याफुडं रडलाय. मी कशी नेऊ? माझी मला द्या."

मग तिनं कनवटीचा बटवा सोडला, चिमटीनं कुंकू घेतलं आणि देवीच्या कोऱ्या तोंडावर कपाळापासून हनुवटीपर्यंत भरलं. पांढरं काही राहू दिलं नाही. चित्र धडप्यात गुंडाळलं, डोक्यावर ठेवलं आणि उंबऱ्यात थांबून मागं वळून बघितलं.

"आता तिला डोळं न्हायती," ती म्हणाली. "म्हणून सुटलात मालक."

आणि गेली. एक नंबरची गेली. दोन नंबरची प्रेमलाबाईंनी पुन्हा त्याच खिळ्याला लावली. तात्या महिनाभरानं एका पाहुण्याला घेऊन आले आणि म्हणाले, "राघवेंद्रराव, यांना तो कोपरा दाखवा की." राघवेंद्रराव म्हणाले, किल्ली हरवली. पुढच्या पाडव्याला आण्णासाहेबांनी मोठ्या छापखान्यातली, बिननंबरची लक्ष्मी गावभर वाटली. सगळ्यांना सारखीच मिळाल्यामुळं ती कुणालाच आवडली नाही.

गजराबाई देवी घेऊन गेली त्याच्या पुढच्या मंगळवारी राघवेंद्रराव शाळेतून आले, तर प्रेमलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. "आजपासून तुम्ही लावायचं," त्या म्हणाल्या. रागावून नव्हे, साध्या आवाजात म्हणाल्या. राघवेंद्ररावांना वाद घालता आला नाही. त्यांनी हात धुतले, चिमटीत कुंकू घेतलं आणि भिंतीपाशी गेले. आधी सवयीनं नजर कोपऱ्यात गेली. तिथं हळदीचा एवढा थर साचला होता की आकडा दिसतच नव्हता. मग बघायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी वर बघितलं.

हिला डोळे होते. चांगले मोठे, काळेभोर, उघडे.

राघवेंद्ररावांनी मान खाली घातली आणि अंदाजानंच कुंकू लावलं.